चौकातलं सॉरी

आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोरच्या चौकात फ्लेक्स लागतात ते वाढदिवसाचे, निवडीचे, नाहीतर श्रद्धांजलीचे. यंदा आषाढात तिथे असा एक फ्लेक्स लागला की तो कोणत्या नमुन्यात बसवायचा हे छापणाऱ्यालाही कळलं नसणार. म्हणून त्याने सरळ वाढदिवसाचाच नमुना घेतला. वर पुढाऱ्यांची गोल गोल डोकी, दोन्ही कडांना फुगे, मधोमध कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मालक. पांढरा सदरा, जोडलेले हात, दात दिसतील इतकं हसू. आणि त्याच्या पोटावर, लाल किनारीच्या पिवळ्या अक्षरांत, एकच शब्द: सॉरी!

उद्गारचिन्हासकट.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या जिनिंगमध्ये झालेल्या दुर्घटनेबद्दल समस्त तालुकावासीयांना जाहीर सॉरी. आपला नम्र सेवक.' दुर्घटना कोणती, कोणाला झाली, त्यात कोणाचं काय गेलं, याबद्दल एक अक्षर नाही. समस्त तालुकावासीयांचं काय गेलं होतं? कोणाचा केससुद्धा वाकडा झाला नव्हता. झालं होतं ते एका बाईचं.

ती बाई माझी मोठी माय. माझ्या वडलांच्या मोठ्या भावाची बायको. तालुक्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं खेडं. तिथे तिचं थोडं वावर आहे, एक बैलजोडी आहे, आणि जीभ अशी आहे की सरपंचसुद्धा तिच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावतो. वावरातली तूर निघाली की हात रिकामे होतात, म्हणून हंगामाच्या शेवटी ती जिनात कामाला जायची. सरकी वेगळी झालेली रुई ओढायची, खाली सांडलेली गोळा करायची.

होळीच्या आधीची गोष्ट. हंगाम संपत आला की जिनात घाई सुटते. मशीनच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला पाहिजे. ती होतीही, पण भिंतीला टेकवलेली. रुई अडकली की जाळी खोला, रुई काढा, जाळी लावा, एवढ्या वेळात मशीन थांबते, आणि मशीन थांबलेली मालकाला चालत नाही. म्हणून जाळी काढून ठेवली होती. हे मुकादमाला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं, मालक रोज त्या जाळीजवळून जात होता. मोठी माय वाकली, पट्ट्याने उजवा हात ओढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तळहाताची कड फाटली.

आरडाओरडा ऐकून मालक ऑफिसातून बाहेर जिन्यापर्यंत आला. वरून त्याने खाली पाहिलं, तोंड फिरवलं आणि परत आत गेला.

हे मला मोठ्या मायनेच सांगितलं, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात, खाटेवर उशाला टेकून. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधलेला. मला वाटलं ती दुखण्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, "थ्यानं मान वळोली वं पोरी. माह्या हाताकडे पाह्यलंच नाई. कुत्रं मेलं असतं रस्त्यावर तं मानूस थांबून पाह्यते."

तेव्हापासून तिचं एकच चालू होतं. त्याने यावं आणि हात पाहावा. भरपाई, उपचार, बाकी काय ते आम्ही भांडून घ्यावं. तिला स्वतःला हवं होतं ते एवढंच.

तो काही आला नाही. त्याच्या वतीने सॉरी मात्र येत राहिले. मॅनेजर दुसऱ्या दिवशी सफरचंदांची पिशवी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "सॉरी काकू, चुकून झालं." मुकादम आला, त्याने पाय धरल्यासारखं केलं आणि "सॉरी" म्हणाला, तो बिचारा घाबरलेला होता. मालकाच्या पुतण्याने माझ्या मोबाइलवर मेसेज टाकला: सॉरी, आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

"काय म्हणते?" मोठ्या मायने विचारलं.

"सॉरी म्हणतो."

"कायले?"

"तुझा हात गेला म्हणून."

"मंग माह्याशी बोलावं ना. तुह्या मोबाइलचा हात गेला काय?"

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. मोठी मायही हसली, मग हात दुखला म्हणून थांबली.

एक शिकाऊ डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची. पट्टी बदलायला यायची. चिकटलेला कापूस भिजवून सोडवताना दर वेळी म्हणायची, "सॉरी हं मावशी. सॉरी. झालंच." तिच्या सॉरीवर मोठी माय कधी काही बोलली नाही. उलट मला म्हणाली, "हे पोट्टी चांगली हाये. इचे हात गरम असते."

दवाखान्यातून गावाकडे परतताना एसटीत माझं डोकं भणाणत होतं. समोरच्या सीटवर एका माणसाचा पाय एका म्हातारीच्या पायावर पडला, तो "सॉरी" म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. म्हातारी पाय चोळत बसली. मी मोबाइल काढला आणि हा शब्द आला कुठून ते शोधायला लागले. इंग्रजी शब्दकोश चाळायची खोड मला पुसदला कॉलेजात असताना लागली. तिथे वादविवाद स्पर्धेत समोरच्याला गप्प करायला शब्दाचं मूळ फार कामी यायचं.

इंग्रजीत 'सोअर' म्हणून एक शब्द आहे. सोअर म्हणजे दुखरी जागा, चिघळलेली जखम. सॉरी त्यातून निघाला. हजारेक वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता दुःखाने भरलेला, ज्याला दुखतंय असा. 'सॉरो' म्हणजे शोक, त्या शब्दाचा आणि याचा संबंध असेल असं कोणालाही वाटेल, पण ते कूळ वेगळं आहे. नुसत्या शेजाराने त्याच्या उच्चारावर सावली पडली. सॉरीचं खरं घर म्हणजे जखम. जो सॉरी म्हणायचा तो सांगत असायचा की मला दुखून राह्यलं आहे.

मग हा शब्द झिजला. इंग्रजीत केविलवाण्या अवस्थेलाही सॉरी म्हणतात. कोणी मेल्याचं कळलं की सॉरी म्हणतात, आणि ऐकू आलं नाही तरी सॉरी म्हणतात, म्हणजे पुन्हा बोला. झिजत झिजत तो आमच्या एसटीत आला आणि म्हातारीच्या पायावर पडला.

आपल्याकडे कसा आला तेही मला आठवतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक गुरुजी होते. पट्टीने मारायचे आणि मारून झालं की म्हणायचे, "से सॉरी." हात चोळत आम्ही म्हणायचो, "सॉरी सर." ज्याला लागलं त्यानेच सॉरी म्हणायचं! इंग्रजीतला पहिला पूर्ण व्यवहार आम्ही शिकलो तो हा. पुढे बँकेत गेलो, काउंटरवरचा माणूस मान वर न करता, "सॉरी, लिंक नाही." तहसीलमध्ये, "सॉरी, साहेब दौऱ्यावर." खालच्याने म्हटलं तर तो थरथरत म्हणतो. वरच्याने म्हटलं तर त्याचा अर्थ 'चला, सरका' एवढाच.

आता कोणी शहाणा म्हणेल, इंग्रजी शब्दांचं सोडा, आपले शब्द वापरा. वापरून पाहा. माफी हा अरबीतून आला. त्यात मुळात सूट आहे, सारा माफ, दंड माफ. म्हणजे माफी मागणारा सूट मागतो. क्षमा संस्कृत. क्षमा म्हणजे सहन करणं, पृथ्वीलाही क्षमा म्हणतात कारण ती सगळं सोसते. म्हणजे तिथेही काम सोसणाऱ्याकडेच! दिलगिरी फारसी. दिल धरला जाणं, काळीज आवळून येणं. इतका सुंदर शब्द, आणि तो मेला कुठे? सरकारी पत्राच्या शेवटच्या ओळीत. 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' कोणाचं काळीज आवळलं? पाइपलाइन खोदणाऱ्या ठेकेदाराचं?

आमच्या खेड्यात जुनी माणसं यातलं काहीच म्हणत नसत. बांधावरून भांडण झालं, एखाद्याने दुसऱ्याच्या बैलाला मारलं, तर तो चार दिवसांनी त्याच्या घरी जायचा, ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "पानी द्या." पाणी दिलं म्हणजे मिटलं. नाही दिलं तर तसाच उठून जायचा आणि परत यायचा. तोंडातून फार तर "चुकलं" एवढं निघायचं. पण जावं लागायचं. ज्याचं नुकसान केलं त्याच्या ओट्यावर ढुंगण टेकावं लागायचं, त्याच्या बायकोच्या शिव्या ऐकाव्या लागायच्या. फ्लेक्स लावून भागत नव्हतं.

पण फ्लेक्सचं खापर नुसतं मालकावर फोडून चालणार नाही. 'जाहीर' हा शब्द आमचा होता.

आमची कामगारांची एक छोटी समिती आहे. तिचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. त्यांचा आवाज असा की माइक लागत नाही. पत्रकं मी लिहिते. दवाखान्यातून परतल्यावर मी पत्रक लिहिलं. उपचाराचा पूर्ण खर्च, कायद्याप्रमाणे भरपाई, प्रत्येक मशीनला जाळी. चौथ्या मागणीवर चर्चा झाली. मी लिहिलं होतं, 'मालकाने माफी मागावी.' काका म्हणाले, "नुसती माफी? जाहीर पाहिजे. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर माफी. जाहीर नाई तं मजा नाई." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पत्रक छापलं, वाटलं, तहसीलसमोर मांडव टाकून बसलो. वैशाखात तिथे डांबर पायाला चिकटतं. बायका आळीपाळीने यायच्या, सोबत भाकरी घेऊन. शेवटी आषाढ लागता लागता तहसीलदारांनी दोन्ही बाजू बोलावल्या.

उपचाराचा खर्च त्याने कबूल केला, भरपाईचं प्रकरण कायद्याच्या वाटेने जाईल असं ठरलं. जाळीचं त्याने सांगितलं, "हंगामाआधी बसवतो." हंगाम दिवाळीला. आणि माफी? "माफी काय, उद्याच मागतो!" म्हणाला, हसत. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. चार मागण्यांतली जी सर्वांत स्वस्त ती त्याने सर्वांत आधी उचलली.

फ्लेक्स लागला त्या दिवशी आमच्या काकांनी चौकात फटाके लावले. 'मालक झुकला!' अशी घोषणा झाली. मीही दिली. घोषणा देता देता वर पाहिलं, तर ते फुगे. ते हसू. आणि ज्या निवडणुका येणार येणार म्हणून सगळे बाशिंग बांधून बसलेत, त्यातल्या एका जागेसाठी हा माणूस इच्छुक, हे तोपर्यंत अख्ख्या तालुक्याला ठाऊक झालेलं. त्याने माफी मागितली नव्हती. आमच्या खर्चाने प्रचार सुरू केला होता.

बाजाराच्या दिवशी मोठ्या मायला त्याच चौकातून न्यावं लागलं, दुसरा रस्ता नाही. तिला अक्षरं जुळवून वाचता येतात. ती थांबली, मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "फोटो कोनाचा हाय?"

"मालकाचा."

"हात कोनाचा तुटला?"

"तुझा," मी म्हटलं.

"अवं, मंग फोटो थ्याचा कायले? अन् हे फुगे कायले? बारसं हाये काय माह्या बोटाचं?" पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. तिने आवाज आणखी चढवला. "बाजाराले सॉरी म्हनते! वांगेवाल्याले म्हनते, पानठेल्यावाल्याले म्हनते. माह्या घराचा रस्ता थ्याले दिसत नाई?"

"मोठी माय, आम्ही आंदोलन केलं ना..."

"केलं. मी नाई कुठं म्हटलं? पन मी तुमाले काय सांगतलं होतं? येऊन पाह्यजो म्हनावं. तुमी काय आनलं? बोर्ड."

तिथून मी तिला घरी सोडलं आणि तशीच जिनात गेले. मालक ऑफिसात होता. थंड खोली, काचेखाली देवाचा फोटो. मला त्याने चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको, घरी या.

"ताई, सॉरी म्हटलं ना मी. एवढा मोठा बोर्ड लावला. तुमच्याच पत्रकात लिहिलं होतं, जाहीर."

"बोर्ड आम्ही वाचला. आता तिला भेटा. हात पाहा."

"पाहून काय होणार आहे? बोटं परत येणार?" मग जरा खाली आवाज करून, "खरं सांगू का, मला ते बघवत नाही. लहानपणापासून. रक्त पाहिलं की मळमळतं."

"आता रक्त नाही. खूण आहे. आणि बघवत नसेल तर जाळी का काढली?"

त्याचा चेहरा कडक झाला. मग काहीतरी सुचल्यासारखा म्हणाला, "तुमच्या गावात मी पोळ्याला प्रमुख पाहुणा आहे. आदल्या दिवशी येऊन जातो काकूंकडे. व्यवस्थित करू."

त्या 'व्यवस्थित'चा अर्थ मला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कळला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून घासून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, कधी कातडं सोलून निघतं. त्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. नदीवर न्हाऊ घालतात, आणि संध्याकाळी त्याच खांद्याला कोमट पाण्याने शेकून हळद आणि लोणी चोळतात. चोळता चोळता बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. जू ज्याने ठेवलं त्यानेच तो खांदा चोळायचा. दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नसतं. आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे मोठ्या मायच्या नवऱ्याने, एकदा ताप होता तेव्हासुद्धा घोंगडी पांघरून चोळला होता.

त्या संध्याकाळी अंगणात दोन्ही बैल बांधलेले. मोठे बाबा एकाचा खांदा शेकत होते, मोठी माय दुसऱ्याचा, डाव्या हाताने. उजवा तिने पदरात धरला होता. पाणी लागलं की त्याला कळ यायची. एवढ्यात गल्लीत गाडी थांबली. मालक उतरला. मागे चार कार्यकर्ते. एकाच्या हातात शाल आणि नारळ, दुसऱ्याचा मोबाइल आधीच समोर धरलेला.

सत्कार! माझ्या कानशिलातलं रक्त तापलं. हात तुटल्याबद्दल सत्कार!

"नमस्कार काकू. सॉरी हं, यायला जरा उशीरच झाला," मालक म्हणाला आणि मोबाइलकडे पाहून हसला.

"थांबा जरासं," मोठी माय वळलीही नाही. "बैलाचं होऊ द्या."

तो शेणात बूट सांभाळत उभा राहिला. मोठे बाबा खालमानेने चोळत होते. कोणी त्याला खाट दिली नाही. बैलाच्या खांद्यावर एक जागा अजून ओली होती, तिथे तिने बोटाच्या टोकाने लोणी लावलं. बैल थरथरला, ती "हां हां" म्हणत थांबली, परत लावलं. झाल्यावर ती मालकासमोर आली. पदरातून उजवा हात काढला आणि त्याच्यापुढे धरला. डाव्या हातात हळदीची वाटी.

"घ्या," ती म्हणाली. "पाहा. अन् लावा."

मालकाने एकदा खाली पाहिल्यासारखं केलं, पण डोळे वाटीवरच थांबले. मग त्याने मागे हात केला, कार्यकर्त्याने शाल दिली, आणि त्याने ती उघडून तिच्या खांद्यांवरून अशी टाकली की पुढे केलेला हात तिच्याखाली झाकला गेला. नारळ डाव्या हातात दिला, त्यासाठी हळदीची वाटी काढून मला दिली. फोटो निघाले. "येतो काकू. सॉरी," म्हणाला आणि गेला.

मी त्याच्या मागे धावणार होते. माझ्या तोंडात काय काय होतं ते इथे छापता येणार नाही. मोठ्या मायने शाल खांद्यावरून काढली, उलटून पालटून पाहिली. "मऊ हाये," म्हणाली. बस.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारासमोर तोरण लागलं. बैलांच्या रांगा, ढोल, शिंगांना बेगड. तोरणाखाली बैल घेऊन पुरुष जातात; बायका घरी ताट घेऊन थांबतात. आमच्या घराच्या बैलांपुढे मोठे बाबा निघाले, आणि कासरा मोठ्या मायने हातातून घेतला. ते म्हणाले, "लोक काय म्हनतीन?" ती म्हणाली, "काल शेठनं काय म्हटलं थे आईकलं ना? आज लोक काय म्हनते थेही आईकू."

मीही तिच्यासोबत निघाले. बैलाच्या पाठीवर झूल म्हणून ती शाल होती. मालकाची. सोनेरी काठाची. रांगेत आधी खुसखुस झाली, मग हसू फुटलं. झडत्या सुरू होत्या. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली माणसं जोडून जोडून टोमणे म्हणतात, त्या दिवशी पाटलाचीही उडवायची मुभा असते. एका म्हाताऱ्याने शाल पाहिली आणि हात वर केला:

"चौकात लागला बोर्ड, शेठ जोडते हात,
जिची गेली बोटं तिले इचारे ना बात!
बोला हर हर महादेव!"

अख्खा गाव ओरडला. मंडपात खुर्चीवर बसलेल्या मालकाने शाल ओळखली. त्याच्या चेहऱ्यावरचं ते फ्लेक्सवालं हसू मी विझताना पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

तोरण सुटलं. रीत अशी की पाहुण्याने प्रत्येक बैलाला टिळा लावायचा आणि बैलवाल्याच्या हातात बोजारा म्हणून नारळ ठेवायचा. जोड्या एकेक करून पुढे सरकत होत्या. आमची पाळी आली. मालकाने बैलाला टिळा लावला, शालीला हात लागू न देता. मग नारळ उचलला. मोठ्या मायने डाव्या हातात कासरा धरला होता. तिने उजवा पुढे केला.

त्या हातावर नारळ राहत नाही. तीन बोटांत तो बसत नाही, कडेची जागा अजून ओढलेली आहे. मालकाने ठेवला, तो घरंगळला, त्याने पटकन दुसऱ्या हाताने खालून तिचा हात धरला. आता त्याला सोडता येईना. पोळ्याच्या दिवशी बोजाऱ्याचा नारळ खाली पडला तर गाव आयुष्यभर बोलतं.

"नीट धरा," मोठी माय म्हणाली.

तेव्हा त्याने पाहिलं. जिथे बोटं नाहीत तिथे, आणि टाके सुकून कातडं गुलाबी झालं होतं तिथे. ढोल थांबलेला होता, रांग मागे खोळंबली होती, आणि तो पाहत होता. त्याचा रंग उतरला. मला वाटलं आता तो पुन्हा तो शब्द म्हणेल.

"दुखतं का?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की पुढे उभ्या आम्हालाच ऐकू आलं.

"हाव," ती म्हणाली. "पानी लागलं का लय दुखते."

त्याने नारळ तिच्या हातावर पुन्हा सावरला.

"जाळी बसवा."

"बसवतो."

"दिवाईले नाई. आता."

तिने नारळ छातीशी घेतला आणि बैल पुढे हाकला.

मालकाला पश्चात्ताप झाला असं लिहिण्याइतकी मी भोळी नाही. होळीला तुटलेला हात पाहायला एका माणसाला पोळा लागला, आणि तोही गावासमोर अडकला म्हणून. त्याने दुखतं का एवढं विचारलं, यात कौतुक कसलं? रस्त्यात पडलेल्या पोराला कोणीही तेवढं विचारतं. आमचे काका म्हणाले, पत्रक काढ, 'ऐतिहासिक विजय'. मी त्यांना सांगितलं, तुम्हीच काढा. काढलं नाही त्यांनी.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मी जिनात गेले. मशीन बंद होत्या. सगळ्या पट्ट्यांवर जाळ्या बसवलेल्या, नटबोल्ट नाही, वेल्डिंग. मुकादम म्हणाला, "आता खोलता येत नाई, ताई. रुई अडकली तं मशीनच बंद करा लागन." मी एकेक जाळी धरून हलवून पाहिली. हलली नाही.

चौकातला फ्लेक्स अजून आहे. फुग्यांचा रंग उडाला. मोठी माय यंदा जिनात जाणार नाही. कापूस फुटायला लागला आहे, आणि ती वावरात डाव्या हाताने वेचायची सवय करून राह्यली आहे.